एका अक्षराने फिरलेली ऑर्डर : सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातील इंग्रजी पत्रव्यवहाराचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि येथील टॉवेल परदेशात जाणे ही गोष्ट शहराला नवी नाही. हा माल प्रामुख्याने रस्त्याने न्हावा शेवा बंदरापर्यंत आणि तेथून जहाजाने पुढे जातो. माल हाताने हलतो, पण सौदा पत्रावर हलतो, आणि ते पत्र इंग्रजीत असते. या प्रकरणातील कारखाना अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आहे. मालक दुसऱ्या पिढीतले असून यंत्रमाग, सूत, रंग आणि बाजारभाव यांचे त्यांचे ज्ञान पक्के आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत, मात्र पत्रांतील वाक्ये आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे.

निर्यातीची कागदपत्रे पाहणारा कर्मचारी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्याच्या घरी तेलुगू बोलली जाते, त्याची शाळा मराठी माध्यमाची होती आणि कामावर तो मराठी, हिंदी व गरजेपुरती कानडी बोलतो. सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक घरांत हेच चित्र आहे. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बँकेची कागदपत्रे यांत त्याचा हात बसलेला होता आणि आकडेमोडीत त्याची चूक सापडत नसे. इंग्रजी पत्रेही तोच लिहीत असे. मालक त्यातील रक्कम व तारीख तेवढी नजरेखालून घालत आणि पत्र जात असे. ही पद्धत अनेक वर्षे विनातक्रार चालली, त्यामुळे तिच्यात काही धोका आहे असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

प्रश्न कसा उभा राहिला

ब्रिटनमधील एका आयातदाराची हॉटेलांसाठीच्या टॉवेलची ऑर्डर कारखान्याकडे होती. राखाडी रंगाची ठरावीक छटा त्यांनी नमुना पाठवून मंजूर केली होती आणि त्या छटेचे सूत रंगवून तयार होते. दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणार होती. दिवाळीत माग थांबतात आणि कामगार लगेच परत येतील याची खात्री नसते, हे आयातदाराला पूर्वानुभवाने माहीत होते. म्हणून सप्टेंबरअखेर त्यांनी सरळ प्रश्न विचारला की सुट्ट्यांच्या आधी माल रवाना होईल याची खात्री देता येईल का. समुद्रमार्गाचे काही आठवडे धरले, तर त्याहून उशीर त्यांना परवडणारा नव्हता.

कारखान्याची तयारी उत्तम होती. दिवाळीपूर्वी माल निघणार होता आणि तसे कळवायचे होते. कर्मचाऱ्याच्या मनातील वाक्य मराठीत असे होते : ‘दिवाळीच्या सुट्ट्यांचा शिपमेंटवर काही इफेक्ट होणार नाही.’ त्याने इंग्रजीत लिहिले : ‘शिपमेंट विल नॉट बी इफेक्टेड बाय दिवाळी हॉलिडेज. काइंडली बेअर विथ अस.’

तिसऱ्या दिवशी आयातदाराचे उत्तर आले. आपण वेळेवर कळवल्याबद्दल आभारी आहोत, परंतु इतका उशीर चालणार नसल्याने ऑर्डरचा काही भाग तुर्कस्तानातील पुरवठादाराकडे वळवत आहोत आणि उरलेल्या भागाबद्दल लवकरच कळवू, असा त्याचा आशय होता. कारखान्यात कोणालाही या पत्राचा अर्थ लागेना. उशीर होईल असे आपण कधी म्हटलेच नाही, मग हे लोक कशाबद्दल आभार मानत आहेत, असा प्रश्न मालकांना पडला. दुसरीकडे स्वस्त भाव मिळाला म्हणून हे निमित्त काढले असावे, असा तर्क त्यांनी केला आणि पुढचे दोन दिवस भाव किती खाली आणता येईल याच्या हिशेबात गेले. प्रस्तुत लेखक सोलापुरात व्यावसायिक इंग्रजी शिकवतो. मालकांनी ती पत्रे त्याच्यापुढे ठेवली, तीही कमी भावाचे पत्र नेमक्या शब्दांत लिहून मिळावे म्हणून.

चूक नेमकी कोठे होती

इंग्रजीत ‘ए’ अक्षराने सुरू होणारे ‘अफेक्ट’ हे क्रियापद म्हणजे परिणाम करणे, बाधा आणणे. ‘ई’ने सुरू होणारा ‘इफेक्ट’ हा शब्द बहुतेक वेळा नाम असतो आणि त्याचा अर्थ परिणाम. येथपर्यंत शाळेत सांगितले जाते. जे फारसे सांगितले जात नाही ते असे की ‘ई’चा ‘इफेक्ट’ क्रियापद म्हणूनही वापरतात आणि तेव्हा त्याचा अर्थ अगदी वेगळा, म्हणजे पार पाडणे, घडवून आणणे असा होतो. व्यापारी इंग्रजीत तर हे क्रियापद रोजचे आहे. ‘पेमेंट इफेक्ट करणे’ म्हणजे पैसे चुकते करणे आणि ‘शिपमेंट इफेक्ट करणे’ म्हणजे माल रवाना करणे. बँकांच्या पतपत्रांतही (लेटर ऑफ क्रेडिट) ही शब्दयोजना भेटते.

याला ‘बाय’ या छोट्या शब्दाची जोड मिळाली. त्याचा एक अर्थ ‘मुळे’ आणि दुसरा ‘अमुक वेळेपर्यंत’ असा आहे. लिहिणाऱ्याला पहिला अर्थ हवा होता. वाचणाऱ्याने विचारलेला प्रश्नच तारखेचा असल्याने त्याच्या डोळ्यांना दुसरा दिसला. म्हणजे ‘सुट्ट्यांमुळे मालाला बाधा येणार नाही’ हे वाक्य समोर पोहोचले ते ‘दिवाळीच्या सुट्ट्यांपर्यंत माल रवाना होणार नाही’ असे. त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती आणि वाचणाऱ्याला शंका यावी असे काही नव्हते.

उरलीसुरली शंका सौजन्याच्या ओळीने मिटवली. ‘बेअर विथ अस’ म्हणजे सांभाळून घ्या, थोडा धीर धरा. पत्राचा शेवट नम्र असावा म्हणून कर्मचारी ही ओळ सवयीने घालत असे. तिचे स्पेलिंगही त्याने ‘उघडा’ या अर्थाच्या ‘बेअर’चे केले होते, परंतु संदर्भावरून ती चूक कोणीही दुरुस्त करून वाचतो. घातक ठरली ती ओळीची जागा. नकारासारख्या वाक्यापाठोपाठ धीर धरण्याची विनंती आली की वाचणाऱ्याला ती उशिराबद्दलची दिलगिरीच वाटणार.

लेखकाच्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे कर्मचारी त्या शब्दापर्यंत पोहोचला कसा. ‘इफेक्ट’ हा शब्द मराठीत मुरलेला आहे. औषधाचा इफेक्ट, साइड इफेक्ट, पावसाचा धंद्यावर इफेक्ट असे आपण दिवसभर बोलतो. ‘अफेक्ट’ मात्र बोलण्यात क्वचित येतो. मराठीत इंग्रजी नामाला ‘होणे’ किंवा ‘करणे’ जोडले की क्रियापद तयार होते. त्याच सवयीने ‘इफेक्ट होणार नाही’ हे मनातले वाक्य इंग्रजीत उतरताना ओळखीच्या नामाला ‘एड’ हा प्रत्यय लागला. संगणकाने तांबडी रेघ ओढली नाही, कारण तो शब्द अस्सल इंग्रजी होता. त्याच्या निष्काळजीपणाचा येथे काही संबंध नव्हता. त्याने दोनदा वाचून पाहिले असते तरी त्याला तेच वाक्य बरोबर वाटले असते, आणि पत्र समोर ठेवून विचारले तेव्हा वाटलेही.

हा एक धागा हाती आल्यावर जुनी पत्रे पाहण्यात आली आणि तोच नमुना पुन्हा पुन्हा दिसला. जो शब्द मराठीच्या बोलण्यात घर करून बसला आहे, तो आपल्या इंग्रजी शेजाऱ्याची जागा बळकावतो. बँकेमुळे ‘पेमेंट अ‍ॅडव्हाइस’ ओळखीचे, म्हणून ‘कृपया कळवावे’ या अर्थाच्या क्रियापदालाही ‘सी’चे स्पेलिंग लागले, जेथे ‘एस’ हवा आणि उच्चारही ‘झ’कडे झुकणारा हवा. कॉलेजमुळे ‘प्रिन्सिपल’ म्हणजे प्राचार्य हे ओळखीचे, म्हणून ‘तत्त्वतः मान्य’ लिहिताना ‘एलई’ऐवजी ‘एएल’ पडले. स्टेशनरीच्या दुकानामुळे ‘ई’चे ‘स्टेशनरी’ ओळखीचे, म्हणून बंदरात उभ्या असलेल्या ट्रकलाही तेच विशेषण मिळाले, जेथे ‘ए’ हवा होता. सूत रंगवण्याच्या कामातील ‘डाइंग’मधून ‘ई’ गळाला की त्याचा अर्थ ‘मरणे’ होतो, आणि ‘यार्न डाइंग पूर्ण झाले’ असे कळवणाऱ्या बहुतेक पत्रांत तो गळालेला होता. ऱ्हस्व-दीर्घ बदलले की ‘सूत’ जाऊन ‘सुत’ म्हणजे मुलगा होतो, हे मराठी वाचकाला चटकन दिसते. इंग्रजी वाचकालाही आपली चूक तितकीच चटकन दिसते, फरक एवढाच की तो ती बोलून दाखवत नाही.

या सर्वांत गंभीर सापडली ती ‘इन्शुअर’ची जोडी. मागच्या एका ऑर्डरच्या पत्रात ‘वी विल इन्शुअर द गुड्स टिल दे रीच यू’ असे वाक्य होते. माल तुमच्यापर्यंत सुखरूप पोहोचेल याची काळजी घेऊ, असे त्याला म्हणायचे होते आणि त्यासाठी ‘ई’चा ‘एन्शुअर’ हवा होता. ‘आय’चा ‘इन्शुअर’ म्हणजे विमा उतरवणे, आणि ‘द गुड्स’ हे त्याचे कर्म असल्यावर दुसरा अर्थ निघतच नाही. अमेरिकेत ‘आय’चा शब्द ‘खात्री करणे’ या अर्थानेही चालतो, ब्रिटिश वापरात मात्र हे दोन शब्द वेगळे ठेवतात. सौदा एफओबी अटीवर होता, म्हणजे माल जहाजावर चढवून देईपर्यंतची जबाबदारी विक्रेत्याची. आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या इन्कोटर्म्स 2020 या प्रमाणित व्यापारी अटींनुसार एफओबीमध्ये माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते आणि विमा उतरवण्याचे बंधन विक्रेत्यावर नसते. ते बंधन सीआयएफमध्ये, म्हणजे विमा व जहाजभाडे भावात धरलेल्या सौद्यात असते आणि तेथे किमान कराराच्या किमतीच्या 110 टक्के विमा अपेक्षित असतो. म्हणजे कारखान्याने भावात न धरलेल्या विम्याचे लेखी आश्वासन देऊन ठेवले होते. तो माल सुरक्षित पोहोचला म्हणून हे वाक्य कोणाच्या लक्षात आले नाही. वाटेत कंटेनरला पाणी लागून गठ्ठ्यांवर बुरशी धरली असती, तर आयातदाराने पहिली मागणी विम्याच्या कागदाची केली असती.

कोणते पर्याय समोर होते

तातडीचा प्रश्न ऑर्डर वाचवण्याचा होता. मालकांच्या मनात भाव कमी करण्याचा पर्याय आधीपासूनच होता आणि तो सोडायला ते सहज तयार नव्हते. परंतु आयातदाराची तक्रार भावाची नव्हतीच. सवलत देऊ केली असती, तर उशीर होणार हे आपण मान्य केले असा त्यांचा समज अधिक घट्ट झाला असता. मुंबईतील एजंटाला मध्ये घालण्याचाही विचार झाला. मात्र तोपर्यंतचा सर्व पत्रव्यवहार थेट झाला होता, आणि तिसऱ्या माणसाने सांगितलेले स्पष्टीकरण सबबीसारखे वाटले असते.

नुसते सुधारित पत्र पाठवणे हा तिसरा मार्ग. लेखी पुरावा राहतो हा त्याचा फायदा खरा, परंतु आदल्या पत्राच्या नेमके उलट सांगणारे दुसरे पत्र आले की वाचणारा कोणत्या पत्रावर विश्वास ठेवणार? शेवटी आधी फोन आणि त्याच दिवशी पत्र असे ठरले. फोनवर कोणी बोलायचे यावर बराच वेळ गेला. आपले इंग्रजी तोकडे आहे म्हणून मालक कचरत होते. तरीही मागावरचा माल, तयार पेट्या आणि निघण्याची तारीख यांबद्दल अधिकाराने बोलू शकणारा माणूस तेच होते, आणि मोडक्या इंग्रजीतील खरी तारीख सफाईदार इंग्रजीतील मोघम आश्वासनापेक्षा ऐकणाऱ्याला अधिक मोलाची असते.

दूरचा प्रश्न पत्रलेखनाच्या व्यवस्थेचा होता. मालकांनी सुरुवातीला असे सुचवले की पत्रे यापुढे इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पुतण्याने लिहावीत. त्याची काही पत्रे पाहिली. भाषा सफाईदार होती, पण त्यांतही ‘गमावणे’ या अर्थाच्या ‘लूज’मध्ये एक ‘ओ’ जास्त पडून तो ‘सैल’ झाला होता. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, तेही सारख्या उच्चाराचे शब्द लिहिताना चुकतात. आपल्याकडे त्यात भर पडते ती अशा जोड्यांची, ज्या त्यांच्या कानाला वेगळ्या ऐकू येतात आणि आपल्या कानाला एकच. शिवाय पुतण्याला कागदपत्रांची माहिती नव्हती. ज्याला काम कळते त्याच्याकडून पत्र काढून घेऊन ज्याला भाषा कळते त्याच्याकडे दिले, तर चुकांची फक्त जागा बदलते.

इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला कर्मचाऱ्याला पाठवावे, अशीही सूचना होती. तिचा इतर उपयोग झाला असता, परंतु ही अडचण बोलण्यात नसून लिहिण्यात होती. व्याकरण तपासणाऱ्या संगणक-प्रणालीने काही जोड्या पकडल्या असत्या, मात्र ज्या वाक्यामुळे ऑर्डर फिरली ते दोन्ही अर्थांनी शुद्ध होते. आपल्याला काय म्हणायचे आहे, हे त्या प्रणालीला कळण्याचा मार्ग नाही.

काय केले

फोनवर मालकांनी कोणावर दोष न ढकलता एवढेच सांगितले की आमच्या पत्रात चुकीचा शब्द पडला, माल सुट्ट्यांच्या आधी निघतो आहे आणि कंटेनर कारखान्यातून सुटण्याची तारीख ही आहे. तयार पेट्यांची छायाचित्रे त्याच दिवशी पाठवली. सोबतच्या पत्रात ‘अफेक्ट’ नव्हता आणि ‘इफेक्ट’ही नव्हता. अमुक तारखेला कंटेनर कारखान्यातून निघेल, अमुक तारखेपर्यंत न्हावा शेवाला पोहोचेल, दिवाळी त्यानंतर आहे, अशी तीन छोटी वाक्ये होती.

त्या तीन वाक्यांवरूनच पुढची पद्धत बसवली. गोंधळाच्या शब्दांची लांबलचक यादी पाठ करायला देण्याचा मोह लेखकाला होता आणि वर्गात तसे केलेही जाते. परंतु घाईच्या वेळी पाठांतर आठवत नाही. म्हणून असे ठरले की तारीख, पैसा, नग आणि जबाबदारी या चार बाबींविषयीचे कोणतेही वाक्य अमूर्त क्रियापदावर उभे राहू द्यायचे नाही. कोण, काय, किती आणि केव्हा हे त्यात लिहायचेच. ‘एन्शुअर’ की ‘इन्शुअर’ हे ठरवत बसण्याऐवजी ‘विमा खरेदीदाराने उतरवायचा आहे’ असे थेट लिहिले की जोडीचा प्रश्नच उरत नाही. ‘अफेक्ट’च्या जागी ‘डिले’ हे क्रियापद ठेवले, ज्याच्या शेजारी गोंधळ घालणारा दुसरा शब्द नाही.

दुसरे पाऊल पडताळणीचे होते. पत्र जाण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने ते वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. सुरुवातीला हे काम मालकांकडे होते आणि ते निष्फळ ठरले. पत्रात काय असायला हवे हे त्यांना आधीच माहीत असल्याने ते तेच वाचत. मग हे काम गोदाम सांभाळणाऱ्या एका महिला कर्मचाऱ्याकडे दिले. सौद्याची पार्श्वभूमी त्यांना ठाऊक नसते, म्हणून कागदावर जे आहे तेवढेच त्या सांगतात आणि अडलेला शब्द कोशात पाहतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ‘कॉम्प्लिमेंट’ हा शब्द अडवला. बाथरोब हा टॉवेलला पूरक ठरेल असे लिहायचे होते, त्याऐवजी स्पेलिंगमध्ये ‘ई’च्या जागी ‘आय’ पडल्याने बाथरोब टॉवेलची प्रशंसा करील असे झाले होते. त्याच शब्दापासून झालेले विशेषण व्यापारात ‘मोफत भेट’ या अर्थाने वापरतात, त्यामुळे ही चूक दिसते तितकी निरुपद्रवी नव्हती.

विम्याच्या जुन्या वाक्याबाबत मतभेद झाला. झाकली मूठ तशीच राहू द्यावी, असे मालकांचे मत होते. माल पोहोचला, पैसे आले, आता ते उकरून काढायचे कशाला? हा विचार समजण्यासारखा होता. पण तेच वाक्य नमुना म्हणून पुढच्या पत्रांत उतरत होते. म्हणून मागच्या पत्राचा उल्लेख न करता पुढील कराराच्या मसुद्यात विम्याची जबाबदारी स्वतंत्र ओळीत लिहिली आणि आयातदाराची त्यावर लेखी मान्यता घेतली.

परिणाम

ऑर्डरचा मोठा भाग कारखान्याकडे राहिला आणि माल ठरल्या दिवशी निघाला. तुर्कस्तानकडे गेलेला भाग मात्र परत आला नाही, कारण आयातदाराने तेथे शब्द दिला होता. त्या भागासाठी रंगवलेले राखाडी सूत पडून राहिले. पुढे ते देशी बाजारासाठीच्या नॅपकिनमध्ये वापरावे लागले आणि त्यात रंगाईचा खर्चही पुरता निघाला नाही. आयातदाराशी संबंध टिकले. आता त्यांच्या पत्रांत प्रत्येक वेळी तारीख आकड्यांत मागितलेली असते.

कर्मचारी तेथेच काम करतो आहे आणि पत्रेही तोच लिहितो. त्याने स्वतःची एक वही ठेवली आहे. तिच्यात डाव्या बाजूला मराठीत रुळलेला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला तो ज्याची जागा घेतो तो शब्द अशी मांडणी आहे. छापील याद्या वर्णानुक्रमाने लावलेल्या असतात. मराठी बोलणाऱ्यासाठी ही मांडणी लेखकाला अधिक उपयोगाची वाटते, आणि वर्गातील शिकवण्याचा क्रमही त्यानुसार बदलला आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महाग पडले ते भावाचा हिशेब करण्यात गेलेले दोन दिवस. आयातदाराने आपण न दिलेल्या बातमीबद्दल आभार मानले होते. आपल्या पत्राचा काही वेगळाच अर्थ लागला आहे याची ती स्पष्ट खूण होती. त्याच तासाला आपलेच पत्र पुन्हा उघडून, शंका वाटली तर एका वाक्यात ‘आमच्या पत्रावरून आपण काय समजलात’ असे विचारले असते, तर तुर्कस्तानची ऑर्डर पक्की होण्यापूर्वी उलगडा होण्याची शक्यता होती. असे विचारण्यात कमीपणा आहे, ही भावना आपल्याकडे खोल रुजलेली आहे आणि ती येथेही आड आली.

आयातदाराची बाजूही तपासण्यासारखी आहे. त्यांनी प्रश्न ‘होय की नाही’ अशा रूपात विचारला. ‘माल कोणत्या तारखेला निघेल’ असे विचारले असते, तर उत्तरात तारीखच आली असती आणि क्रियापदाचा प्रश्न उद्भवलाच नसता. परक्या भाषेत उत्तर देणाऱ्याला प्रश्न कसा विचारला जातो, यावर उत्तर किती निःसंदिग्ध येईल हे बरेचसे अवलंबून असते.

एक बाब अद्याप सुटलेली नाही. ई-मेलसाठी बसवलेली पडताळणी मोबाइलवरील संदेशांना लागू होत नाही. मालक रात्री घरून व्हॉट्सअ‍ॅपवर थेट उत्तर देतात आणि फोन सुचवील तो शब्द स्वीकारतात. रक्कम आणि तारीख असलेला संदेश सकाळी कार्यालयातूनच जावा, असा आग्रह कर्मचाऱ्याने धरला आहे. मालकांनी तो तत्त्वतः मान्य केला असला, तरी आयातदाराचा प्रश्न रात्री दहाला आला की त्यांच्याने राहवत नाही.